स्वयंपाक शिकणाऱ्या पुरुषाने पहिले पाकपुस्तक कसे निवडावे

घरी स्वयंपाक शिकायचे ठरवले की बहुतेक पुरुष आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहतात आणि काही दिवसांनी पुस्तकाकडे वळतात. कणकेने भरलेल्या हातांनी व्हिडिओ मागेपुढे करणे जिकिरीचे होते आणि प्रत्येक व्हिडिओतली आमटी वेगळ्याच घरची असते. पुस्तक घ्यायला दुकानात गेले, तर कपाटात शंभराच्या वर पाकपुस्तके दिसतात आणि सगळ्यांच्या मुखपृष्ठावर तोंडाला पाणी सुटेल असे ताट असते. त्यातून एक निवडायचे कसे, याविषयी हा लेख आहे.

आपल्याकडील पाकपुस्तके बहुतांशी अशा वाचकासाठी लिहिली गेली आहेत, जिने लहानपणापासून ओट्याशेजारी उभे राहून फोडणी, कणीक आणि कुकर पाहिलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'गृहिणी-मित्र' होते. 'नेहमीप्रमाणे फोडणी करावी' हे वाक्य त्या वाचकाला पुरते. तुम्हाला पुरत नाही. म्हणून पुस्तकात पाककृती किती आहेत यापेक्षा पुस्तकाने काय गृहीत धरले आहे हे पाहून निवड करावी. संकोच मात्र करू नये: छापील मराठी पाकपुस्तकांत अगदी आरंभीचे म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते १८७५ सालचे 'सूपशास्त्र' रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी, म्हणजे एका पुरुषानेच लिहिले होते.

१. दुकानात जाण्यापूर्वी घरची माहिती लिहून घ्या

पुढील गोष्टी एका कागदावर लिहून तो खिशात ठेवावा:

– जेवणारी माणसे किती, आणि त्यांत तिखट न खाणारे कोणी आहे का.
– कुकर किती लिटरचा आहे. शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची.
– मिक्सरला चटणीचे छोटे भांडे आहे का. ते नसेल तर ओल्या नारळाचे वाटण लागणाऱ्या कृती एका माणसाच्या प्रमाणात करणे अवघड जाते, कारण मोठ्या भांड्यात थोडा ऐवज पात्यांपर्यंत पोहोचतच नाही.
– घरातील आमटीची वाटी काठोकाठ भरली असता किती मिलिलिटर पाणी मावते. घरात वजनकाटा असल्यास पाणी तोलावे. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिलिलिटर.
– मागच्या आठवड्यात घरात प्रत्यक्ष काय काय शिजले.

यातील शेवटची यादी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच करण्याचा कंटाळा केला जातो. ती प्रामाणिकपणे केली, तर पोळी, भात, वरण किंवा आमटी, दोन-तीन पालेभाज्या, भेंडी-दुधी-कोबीसारख्या चार-पाच भाज्या, एखादी उसळ, कोशिंबीर, पोहे-उपमा आणि घर सामिष असेल तर अंड्याची करी किंवा माशाचे कालवण, एवढेच पदार्थ त्यात असतात. दुकानात पुस्तक हाती आले की आधी अनुक्रमणिका उघडून या यादीतील किती पदार्थ तिच्यात आहेत ते मोजावे. पनीरचे सतरा प्रकार आणि दुधीची एकही भाजी नाही, असे पुस्तक कितीही देखणे असले तरी परत कपाटात ठेवावे.

२. दुकानात उभ्याउभ्या चार पाने वाचा

प्रस्तावना वाचण्यात वेळ घालवू नये; लेखिकेला सासूबाईंनी दिलेले आशीर्वाद बहुतेक पुस्तकांत सारखेच असतात. त्याऐवजी भात-वरण, पोळी, एखादी उसळ आणि फोडणी ही चार पाने काढावीत. ही पाने ज्या पुस्तकात नीट लिहिलेली असतात त्याची बाकीची पानेही सहसा विश्वासार्ह असतात.

उसळीचे पान जरा जवळून पाहू. समजा एका पुस्तकात मटकीच्या उसळीची कृती अशी आहे: 'मोड आलेली मटकी घ्यावी. फोडणी करून कांदा परतावा. मटकी, तिखट, मीठ, गूळ व आमसूल घालून शिजवावे.' स्वयंपाक येणाऱ्या व्यक्तीला यात काही उणे दिसणार नाही. नवशिक्यासाठी मात्र प्रत्येक वाक्यात काही ना काही राहून गेले आहे. मटकी आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओलसर फडक्यात बांधून ठेवावी लागते आणि मोड यायला मुंबईच्या उकाड्यात एक रात्र पुरते, तर नागपूरच्या थंडीत दुसरा दिवसही जातो. हे त्यात नाही. पाणी किती घालायचे, झाकण ठेवायचे की नाही, हेही नाही. सर्वांत मोठी उणीव क्रमाची आहे. आमसूल, चिंच, टोमॅटो असे आंबट पदार्थ कडधान्य शिजण्याआधी पडले तर ते मऊ व्हायला फार वेळ लागतो, म्हणून आमसूल आणि गूळ मटकी शिजल्यानंतरच घालायचे असतात. चांगले पुस्तक हा क्रम सांगते आणि कारणही एका ओळीत देते. शिजल्याची खूणही ते देते: दाणा दोन बोटांत दाबला असता दबावा, पण त्याचा लगदा होऊ नये.

फोडणीच्या पानावर पाहायचे ते एवढेच, की पदार्थ कोणत्या क्रमाने आणि कोणत्या खुणेवर घालायचे हे लिहिले आहे का. तेल तापल्यावर दोन-चार मोहऱ्या टाकून पाहाव्यात, त्या तडतडल्या की उरलेली मोहरी घालावी, तडतड ओसरली की जिरे, मग आच मंद करून हिंग आणि हळद, आणि लगेच भाजी किंवा कांदा. अशा रीतीने लिहिलेले पुस्तक घ्यावे. हळद आधी पडली किंवा तेल धुरावले की फोडणी कडवट होते आणि पुढे कितीही गूळ घातला तरी ती चव जात नाही.

भात-वरणाच्या पानावर कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष द्यावे. 'तीन शिट्ट्या कराव्यात' हे माप सर्वत्र दिसते, परंतु ते भरवशाचे नाही. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर यांच्या शिट्ट्यांत फरक असतो, मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतात, आणि तूरडाळ जुनी किंवा पाणी जड असेल तर तीन शिट्ट्यांनी डाळ कच्चीच राहते. 'पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून इतकी मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी' असे सांगणारे पुस्तक अधिक उपयोगी. त्याच पानावर कुकर दोन-तृतीयांशापेक्षा अधिक भरू नये आणि डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये शिजवताना निम्म्यापर्यंतच भरावा, ही सूचना असली तर लेखिकेला नवशिक्याची कल्पना आहे असे समजावे.

पोळीचे पान काढायचे ते पुस्तकाचा प्रामाणिकपणा पाहण्यासाठी. चक्कीवरून दळून आणलेले पीठ आणि पाकिटातील पीठ सारखे पाणी पीत नाही, म्हणून 'एवढ्या पिठाला एवढेच पाणी' असे ठामपणे सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा कणीक हाताला कशी लागली पाहिजे हे सांगणारे पुस्तक चांगले. मोहन (म्हणजे कणकेत घालायचे तेल) किती, कणीक झाकून किती वेळ ठेवायची आणि घडी कशी घालायची याची रेखाचित्रे असतील तर उत्तम. पोळी मात्र कुणीतरी शेजारी उभे राहून दाखवावी लागते. आई, बायको, बहीण, पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, जे कोणी तयार असेल त्यांच्याकडून चार दिवस शिकून घ्यावी आणि या एका बाबतीत पुस्तकाला दोष देऊ नये.

३. मापांचे पान शोधा, नसेल तर पुस्तक ठेवून द्या

सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानांत मापांचा तक्ता असला पाहिजे. १९७० साली प्रसिद्ध झालेले कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक घरोघर पोहोचले, त्यामागे त्यातील वाटी-चमच्याच्या मापांचा वाटा मोठा आहे. ज्यांच्या घरात काटा नव्हता त्यांनाही ती मापे वापरता आली. आजही पहिले पुस्तक कोणते घ्यावे असे कोणी विचारले, तर मी 'रुचिरा' चाळून पाहायला सांगतो, मात्र वर सांगितलेली चार पाने वाचूनच ठरवावे.

वाटीच्या मापाबद्दल एक गोष्ट समजून घ्यावी. कृतीतील सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान की मोठी याने फारसे बिघडत नाही, कारण प्रमाण तेच राहते. गोंधळ होतो तो एका कृतीत वाटी, ग्रॅम आणि 'दोन मध्यम कांदे' अशी सरमिसळ असते तेव्हा. तुमची वाटी १२० मिलिलिटरची असेल आणि लेखिकेची १८० ची, तर दोन वाट्या रव्याच्या उपम्यात दोन मध्यम कांदे जास्त होतील. म्हणूनच घरच्या वाटीचे माप कागदावर लिहून न्यायचे.

चमच्यांचे तसे नाही. लहान, म्हणजे चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, असे आता बहुतेक पुस्तके धरतात. परंतु घरातले चमचे या मापाचे असतीलच असे नाही. मापाच्या चमच्यांचा संच स्वस्त मिळतो, तो घ्यावा. परदेशातील मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी: अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० चा, आणि ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. मेलबर्नमध्ये घेतलेल्या चमच्याने पुण्यात लिहिलेल्या कृतीतले मीठ मोजले तर ते तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडते.

आजीच्या कपाटातील जुने पुस्तक हाती लागले, तर त्यात शेर, छटाक आणि तोळे भेटतील, कारण दशमान वजने आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने रूढ झाली. एक तोळा म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅम, पाच तोळ्यांचा छटाक म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम आणि ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या पुस्तकांतील आच कोळशाची किंवा स्टोव्हची असते. अशी पुस्तके वाचायला फार गोड असतात, पण शिकायला पहिले पुस्तक म्हणून घेऊ नयेत.

४. पुस्तक कोणत्या भागातले आहे ते ओळखा

मराठी पाकपुस्तकावर 'महाराष्ट्रीय' असे छापलेले असले तरी ते एखाद्या भागाचे आणि एखाद्या समाजाचे असते. अनेक लोकप्रिय पुस्तके पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय, बव्हंशी ब्राह्मणी स्वयंपाकघरातून आलेली आहेत; त्यांतली आमटी गूळ-चिंचेची असते आणि मसाला गोडा असतो. तुम्ही कोल्हापूरचे किंवा जळगावचे असाल तर त्या आमटीने जेवणाचे समाधान होणार नाही, आणि मग हाताला चव नाही असा निष्कर्ष विनाकारण काढला जाईल.

मसाल्याच्या नावात फसगत ठरलेली आहे. पुण्यातील काही घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, तर सोलापूर-मराठवाड्याकडचा काळा मसाला चांगला झणझणीत असतो. गोड्या मसाल्याच्या मापाने तो घातला तर वरण घशाखाली उतरणार नाही. तिखटाचेही तसेच आहे: ब्याडगी मिरचीचे तिखट रंगाला गडद आणि चवीला सौम्य, लवंगी मिरचीचे चिमूटभरही पुरे. 'दोन चमचे तिखट' असे लिहिताना कोणत्या मिरचीचे, हे सांगणारे पुस्तक मिळाले तर ते सोडू नये. शेवटी मसाल्यांच्या कृतींचे प्रकरण आहे का आणि घरी मसाला न करणाऱ्याने बाजारातून कोणता आणावा हे सांगितले आहे का, हेही पाहावे.

आपल्या घरच्या चवीचे पुस्तक शोधायला थोडे कष्ट पडतात. चित्रापूर सारस्वतांच्या जेवणासाठी सारस्वत महिला समाजाचे 'रसचंद्रिका' अनेक घरांत पिढ्यानपिढ्या वापरले गेले आहे. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीविषयी शाहू पाटोळे यांनी लिहिलेले 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले; ते पहिल्या दिवशी भात शिकवणारे पुस्तक नव्हे, पण प्रचलित पाकपुस्तकांतून किती घरांचे जेवण गळले आहे हे त्यातून कळते. आपल्या भागाचे पुस्तक मिळालेच नाही, तर मूळ क्रिया चांगल्या शिकवणारे कोणतेही पुस्तक घ्यावे आणि मसाला आपल्या घरचा वापरावा.

५. पहिले पुस्तक म्हणून काय घेऊ नये

'१००१ पाककृती' या धर्तीची जाडजूड पुस्तके टाळावीत. इतक्या कृती बसवायच्या तर प्रत्येकीला पाच-सहा ओळीच मिळतात. हॉटेलच्या शेफने लिहिलेली चकचकीत पुस्तकेही नंतरसाठी ठेवावीत, कारण त्यांत एका रस्सा-भाजीसाठी आधी तीन वेगवेगळ्या ग्रेव्ही तयार असाव्या लागतात.

'पुरुषांसाठी' किंवा 'बॅचलरसाठी' असे मुखपृष्ठावर छापलेल्या पुस्तकांविषयी माझे मत विशेष चांगले नाही. त्यांतील पुष्कळशी पुस्तके पुरुष म्हणजे एक तर नूडल्स आणि टोस्टवर दिवस काढणारा, नाही तर रविवारी मित्रांना बोलावून मटण करणारा, असे धरून चालतात. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर मेथी निवडून भाजी-भाकरी करणारा पुरुष त्यांच्या गावी नसतो. नवशिक्यांसाठीचे पुस्तक घ्यायचे असल्यास नुकतेच लग्न झालेल्यांसाठी किंवा परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेले पाहावे. त्यांत हात धरून शिकवण्याची तयारी अधिक दिसते. 'ताई', 'सुगरण' अशा संबोधनांनी बिचकू नये. कृती नीट असेल तर संबोधन कोणतेही चालते.

भाषांतरित पुस्तक घेताना जिन्नसांची नावे तपासावीत. जिरे आणि शहाजिरे, मेथीदाणे आणि कसुरी मेथी, खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची जिथे अदलाबदल झालेली दिसते ते पुस्तक कुणी करून पाहिलेले नाही असे खुशाल समजावे. राजम्याची कृती असेल तर तीही वाचावी: राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नंतर चांगला उकळून शिजवावा लागतो; अर्धकच्चा राजमा खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. ही बाब गाळणारे पुस्तक इतर बाबतींतही निष्काळजी असण्याचा संभव आहे.

६. विकत घेण्यापूर्वी वापरून पाहा

पाकपुस्तक वाचनालयातून आणून दोन आठवडे वापरून पाहणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे. बहुतेक तालुक्यांच्या गावीही सार्वजनिक वाचनालय असते आणि तिथे पाकशास्त्राचे कपाट हमखास सापडते. त्या पुस्तकांवरील तेल-हळदीचे डाग अवश्य पाहावेत. ज्या पानांवर डाग अधिक ती कृती लोकांनी खरोखर करून पाहिलेली असते, आणि सगळी पाने कोरी असलेल्या पुस्तकाविषयी वेगळे काही विचारायला नको.

विकत घ्यायचे ठरल्यावर पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादर स्टेशनजवळची मराठी पुस्तकांची दुकाने, आणि लांब राहणाऱ्यांसाठी बुकगंगासारखी संकेतस्थळे सोयीची आहेत. ऑनलाइन घेताना नमुना पाने उघडून पाहावीत. नुसत्या मुखपृष्ठावरून मागवू नये. पुस्तक ओट्यावर उघडे ठेवले असता आपोआप मिटत नाही ना, आणि एका कृतीसाठी मधेच पान उलटावे लागत नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. ई-पुस्तक घेऊ नये असे मी म्हणणार नाही, परंतु कांदा परतताना पडदा मिटला की ओल्या बोटाने तो उघडत नाही, हे लक्षात असू द्यावे.

७. पुस्तक घरी आणल्यावर

पहिल्या महिन्यात सहा-सातच कृती निवडाव्यात आणि त्याच पुनःपुन्हा कराव्यात. पुस्तकाला प्लास्टिकचे आवरण घालावे आणि जवळ पेन्सिल ठेवावी. कृती पहिल्यांदा करताना आपली अक्कल चालवू नये. जशी छापली आहे तशीच करावी आणि जेवण झाल्यावर समासात लिहावे: 'मीठ थोडे कमी', 'आपल्या कुकरला मंद आचेवर दहा मिनिटे', 'चार माणसांना उरते'. वस्तूंमध्ये मापाचे चमचे आणि वाट्या, साधा डिजिटल काटा, एक चांगली सुरी आणि जाड बुडाची कढई एवढे असले की पुरते.

पुस्तकातील कृती बहुधा चार माणसांसाठी असतात. त्या निम्म्या करताना भाजी, मीठ आणि तिखट निम्मे करावे, पण फोडणीचे तेल निम्म्याहून थोडे जास्त ठेवावे, नाही तर ते कढईच्या बुडाशी पसरून मोहरी नीट तडतडत नाही. उघड्या भांड्यात शिजवताना पाणीही निम्म्याहून थोडे अधिक लागते, कारण वाफ होऊन उडणारे पाणी निम्मे होत नाही. शिजण्याचा वेळ तर जवळजवळ तेवढाच लागतो. उरलेला भात उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर न ठेवता निवला की फ्रिजमध्ये ठेवावा. शिळ्या भाताने पोट बिघडते ते बऱ्याचदा तो तासन् तास बाहेर राहिल्यामुळे.

८. दुसरे पुस्तक केव्हा घ्यावे

पहिल्या पुस्तकातील वीसेक कृती न बघता करता येऊ लागल्या की दुसऱ्याचा विचार करावा. ते पहिल्यासारखेच सर्वसाधारण न घेता एका विषयाचे घ्यावे: भाकरी आणि पिठले-झुणक्याचे, उपवासाचे, दिवाळीच्या फराळाचे किंवा माशांचे. फराळाचे घेतल्यास पाकाच्या खुणा, म्हणजे एकतारी आणि दोनतारी पाक बोटांवर कसा ओळखायचा हे, चित्रासह दिलेले असावे. माशांचे घ्यायचे असेल तर त्यातील नावे तुमच्या बाजारातल्या नावांशी जुळतात का ते पाहावे, कारण मुंबईत जिला सुरमई म्हणतात तिला गोव्यात इसवण म्हणतात. पुस्तकातील दहा-बारा नावे लिहून घेऊन ती आधी आपल्या कोळिणीला विचारावीत, आणि त्यांतली निम्मी तरी तिच्या टोपलीत येत असतील तरच पुस्तकाचे पैसे द्यावेत.